डबा माझा, ताप गावाला

गेल्या पंधरवड्यात एका सकाळी माझ्या दवाखान्यात पाच-सहा मंडळी एकदम आत आली. पेशंट त्यात कोणीच नव्हते. पुढे तात्या होते, हातात टाइप केलेला अर्ज होता आणि त्याखाली चाळीसेक सह्या व अंगठे. गावात नवा मोबाइल टॉवर होणार आहे, तो शाळेपासून जवळ आहे, त्याच्या लहरींनी कॅन्सर होतो, तरी परवानगी देऊ नये, असा मजकूर. "डॉक्टर, तुमची एक सही द्या. तुमच्या सहीने अर्जाला वजन येईल," तात्या म्हणाले.

मी बारामतीत राहतो आणि आठवड्यातले तीन दिवस इंदापूर तालुक्यात, भिगवणकडच्या अंगाला, एका गावात दवाखाना चालवतो. गावाचे नाव देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात फजिती माझी आहे आणि ती गावाच्या माथी मारायची नाही. चार वर्षांपूर्वी असा अर्ज आला असता तर मी डोळे झाकून सही केली असती. या वेळी मात्र पेन हातात घेतले आणि खाली ठेवले. त्याचे कारण माझ्या दवाखान्याच्या कपाटात पडलेला एक डबा.

दवाखान्याची इमारत जुनी, भिंती दीड हात जाडीच्या, वर स्लॅब आणि त्यावर पत्र्याची शेड. आत फोनला रेंज म्हणून नाही. फोन वाजला की पेशंटला खाटेवर तसाच सोडून अंगणात धावायचे. वैतागून एका ओळखीच्या तरुणाला बोलावले. त्याने पुण्याच्या बाजारातून एक बूस्टर आणला. गच्चीवर एक अँटेना, आत छताला दुसरी, मध्ये तो डबा. तासाभरात फोनवर सगळ्या दांड्या उभ्या! त्याने सांगितले, "डॉक्टर, हा फुल पॉवरचा आहे." मी खूश. पावती मागितली तर तो नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ तेव्हाच लक्षात यायला हवा होता.

तीन-साडेतीन महिन्यांनी दुपारच्या वेळी दोन तरुण दारात उभे राहिले. एकाच्या हातात पूर्वीच्या दूरदर्शनच्या अँटेनासारखे माशाच्या काट्याचे यंत्र होते. ते मोबाइल कंपनीकडून आले होते आणि तीन दिवस आमच्या शिवारात ते यंत्र इकडेतिकडे फिरवत माझ्या गच्चीपर्यंत पोचले होते. "सर, वर काही बसवलंय का?" मी मोठ्या अभिमानाने दाखवले. त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि डब्याची पिन काढली. मग त्यातल्या एकाने मला जे समजावून सांगितले, ते मी एवढी वर्षे डॉक्टरकी करूनही कधी ऐकले नव्हते.

आपण म्हणतो, टॉवर बोलतो आणि फोन ऐकतो. पण टॉवरचे निम्मे काम ऐकण्याचे आहे. कोसा-दोन कोसांवरच्या फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो तेव्हा तो वॉटच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी क्षीण झालेला असतो. एवढी कुजबुज ऐकायची तर टॉवरच्या कानाभोवती शांतता पाहिजे. माझा डबा चोवीस तास, कोणी फोन करत असो वा नसो, त्याच लहरींवर टॉवरच्या कानात घूंऽऽ करत बसला होता. लग्नाच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर धरला की शिट्टी वाजते ना, तसेच. आतल्या अँटेनाचा आवाज बाहेरची अँटेना पकडते, पुन्हा मोठा करते, पुन्हा पकडते. मांडवातली शिट्टी सगळ्यांना ऐकू येते म्हणून कोणीतरी धावत जाऊन माइक फिरवतो. ही शिट्टी मात्र फक्त टॉवरला ऐकू येते.

मग टॉवर काय करतो? तो त्या बाजूच्या सगळ्या फोनना सांगतो, "जरा मोठ्याने बोला." ही सोय प्रत्येक मोबाइलमध्ये असते. फोन स्वतःच्या मर्जीने ठरावीक ताकदीने बोलत नाही. टॉवर सांगेल तेवढी शक्ती तो वापरतो. जुन्या टू-जी फोनची कमाल शक्ती २ वॉट होती आणि टॉवर जवळ असला की तो एका वॉटच्या काही हजाराव्या भागावर येत असे. आजचा फोर-जी फोन कमाल ०.२ वॉटपर्यंत जातो आणि जवळच्या टॉवरशी बोलताना त्याच्या लाखो पटींनी खाली उतरू शकतो. म्हणजे रेंज चांगली, तर कानाशी लहरी कमी. रेंज वाईट, तर कानाशी लहरी जास्त. माझ्या डब्यामुळे माझा फोन दवाखान्यात कुजबुजत होता आणि आसपासच्या वस्त्यांवरचे फोन आयाबायांच्या, पोरांच्या कानाशी गळा काढून ओरडत होते. आणि जे लांब होते, त्यांचा आवाज कमाल शक्तीनेही टॉवरला पोचत नव्हता.

हे लांबचे कोण, तेही मला लवकरच कळले. आमच्या आशाताई कालव्यापलीकडच्या वस्तीवर राहतात. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, म्हणूनच होय! गेले तीन महिने फोन लागतच नव्हता. लागला तर तुटायचा." मधल्या काळात एका रात्री वस्तीवरच्या एका पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्या. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण तिला बोलवायला फोन लागावा लागतो. ताई बॅटरी घेऊन अंधारात कालव्याच्या भरावावर चढल्या, चौथ्या-पाचव्या वेळी फोन लागला. गाडी आली तेव्हा बाळ घरीच झाले होते. दोघेही सुखरूप आहेत, पण ते नशिबाने. हे सगळे माझ्याच डब्यामुळे झाले असे मी शपथेवर सांगणार नाही. डबा बंद झाल्यावर वस्तीवरचे फोन लागू लागले, एवढे मात्र खरे आणि माझी झोप उडायला तेवढे पुरे होते.

आपल्या भागातल्या माणसाला ही गोष्ट खरे तर समजावून सांगायची गरज नाही. नीरा डावा कालवा बारामतीतून पुढे इंदापूरला जातो. आवर्तन सुटले की वरच्या अंगाला कोणी गुपचूप जास्त एचपीची मोटार लावतो, कोणी पाइप टाकून सायफन करतो. त्याच्या उसाला पाणी मिळते आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीत उभा राहून शिव्या घालतो. रेडिओ लहरींचा पट्टाही असाच सामायिक आहे. कोणी किती ताकदीने बोलायचे याचे माप सरकारने ठरवून दिले आहे, आणि त्याच मापामुळे टेलच्या माणसाचा आवाज पोचतो. फरक इतकाच की कालव्यातली मोटार दिसते.

कायदा काही नवा नाही. परवान्याशिवाय वायरलेस यंत्र बाळगू नये, हे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आले आहे. आता त्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा झाला आहे. मोबाइल बूस्टर खासगी माणसाने विकत घेणे, बसवणे बेकायदा आहे. फोन बंद पाडणारे जॅमरही तसेच. तरी काही क्लासवाले परीक्षेच्या वेळी ते लावतात असे कानावर येते. परवाना लागत नाही अशाही जागा सरकारने मोकळ्या ठेवल्या आहेत. घरोघरी जे वायफाय असते त्याचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये खुला झाला. पण खुला म्हणजे मोकाट नव्हे. तिथे यंत्राची शक्ती १ वॉट आणि अँटेनाचा जोर धरून ४ वॉट एवढीच मर्यादा आहे. आपली बारामतीची वसुंधरा वाहिनी ऐकणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण अशा सामुदायिक रेडिओ केंद्रालाही १०० वॉटचे कुंपण आहे. त्यामुळेच पुढच्या तालुक्यातल्या केंद्राला तीच जागा पुन्हा देता येते.

आता तात्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. टॉवरने कॅन्सर होतो का?

मोबाइलच्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात. एक्स-रेत पेशीतले रेणू फोडण्याएवढी ताकद असते, या लहरींत ती नसते. त्यांचा जो परिणाम पक्का ठाऊक आहे तो म्हणजे ऊब. शक्ती फार झाली तर शरीराचा भाग तापतो. डोळ्याचे भिंग, पुरुषांची वृषणे असे रक्तपुरवठा कमी असलेले अवयव आधी. तापण्याचा संभव जिथे सुरू होतो त्याच्या बऱ्याच खाली आंतरराष्ट्रीय मर्यादा आखलेली आहे. भारताने ती २००८ मध्ये स्वीकारली आणि मग, लोकांच्या शंका पाहून, १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी तिच्या एक दशांश केली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी जगात बऱ्याच ठिकाणी चौरस मीटरला ४.५ वॉट चालतात, आपल्याकडे ०.४५. हे आपल्या सरकारने बरे केले असे माझे मत आहे. त्याच दिवसापासून फोनच्या बाबतीतही शरीराच्या एक ग्रॅम भागावर सरासरी काढून किलोला १.६ वॉट ही मर्यादा आली. तुमच्या फोनचा हा आकडा पाहायचा असेल तर नंबर लावतो तिथे स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. बहुतेक फोन तो लगेच दाखवतात.

आता तुलना करा. टॉवरवरची एक अँटेना २० वॉटने बोलते आणि ती शक्ती एका दिशेला पन्नासपट एकवटते असे धरा. तिच्या अगदी समोर, ५० मीटरवर, चौरस मीटरला जेमतेम ०.०३ वॉट येतात. अंतर दुप्पट केले की ते चौथ्या हिश्श्यावर. अँटेना तर समोर बघते, खाली नाही. टॉवरच्या पायथ्याशी दिव्याखाली अंधार म्हणतात तशी गत असते. अँटेना अनेक असतात, तेव्हा त्यांची बेरीज करावी लागते हे खरे. म्हणून तर मोजणी करायची. धोका खरा कुठे असेल तर शहरात, जिथे गच्चीवरच्या अँटेनासमोर तितक्याच उंचीवर दुसऱ्याची खिडकी येते. त्यासाठी २०१३ च्या सरकारी सूचनांत एका अँटेनासमोर २० मीटर अंतर सांगितले आहे आणि अँटेना वाढल्या की ते वाढते. बारामतीच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांनी जरूर खिडकी उघडून समोर काय आहे ते पाहावे.

कॅन्सरविषयी २०११ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित' या वर्गात टाकले. 'कदाचित'चा अर्थ पुरावा अपुरा, शोध चालू. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो 'कदाचित' गळून पडला. त्यानंतर २०२४ मध्ये याच जागतिक संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा प्रसिद्ध झाला. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांत त्याला संबंध आढळला नाही. एवढी वर्षे, एवढे कोट्यवधी फोन, आणि मेंदूच्या गाठी त्या प्रमाणात वाढलेल्या नाहीत. मी तरी यावर निर्धास्त आहे. तंबाखूच्या पुडीला बोट लावत टॉवरच्या विरोधात सही मागणारे आमच्या शिष्टमंडळात दोघे होते, ते मी त्यांना तिथल्या तिथे दाखवून दिले. तात्यांनी पुडी खिशात टाकली. असो.

सांगायचा मुद्दा असा की आपण भितो त्या टॉवरला मर्यादा आहे, तिची तपासणी आहे, दंड आहे, आणि २०१७ पासून तर कुठला टॉवर नियमात आहे हे सरकारच्या 'तरंग संचार' या ठिकाणी घरबसल्या पाहता येते. शुल्क भरून मोजणीही मागता येते. पण मी लावला तसल्या डब्याला ना माप, ना तपासणी, ना पावती. आणि ते कपाटात लपवणारे आपणच.

हे फक्त बूस्टरपुरते नाही. बारामतीत माझ्या एका स्नेह्यांच्या मुलाने अमेरिकेहून आईवडिलांसाठी छान कॉर्डलेस फोन आणला. त्या देशात तो अगदी नियमात. तिथे हे फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे नेमकी तीच जागा मोबाइल फोनने टॉवरशी बोलण्यासाठी ठेवलेली आहे! पोराने प्रेमाने आणलेली वस्तू, पण गल्लीतल्यांच्या फोनचा खोळंबा. म्हणून परदेशातून येणाऱ्यांना माझे सांगणे आहे की चॉकलेट आणा, अत्तर आणा, वायरलेस वस्तू आणू नका. तिकडचा नियम इकडे चालत नाही.

वायफायच्या बाबतीत तरुण मंडळी एक वेगळीच युक्ती करतात. माझ्या पुतण्याने घरचा राउटर उघडून त्यात देशाचे नाव भारताऐवजी भलतेच निवडले, कारण तिथे शक्तीची मर्यादा जास्त आहे म्हणे. दोन खोल्या पलीकडे दांड्या वाढल्या, पण व्हिडिओ अडकायचा तो अडकतच राहिला. कारण सरळ आहे. राउटर कितीही ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच बारीक; त्याचे उत्तर राउटरला ऐकू आले पाहिजे ना! बहिऱ्या माणसासारखा तो नुसता मोठ्याने बोलत राहतो. शिवाय कुवतीबाहेर ताणलेले यंत्र कर्ण्यासारखे फाटते आणि शेजारच्या लहरींवरही खरखर सांडते. पुतण्याला राउटर भिंतीआडून काढून घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवायला लावला आणि देश पुन्हा भारत केला. अडकणे थांबले. त्यात माझी विद्वत्ता काही नाही, त्या कंपनीच्या पोराचीच उसनी.

शेतात तर ही यंत्रे यापुढे वाढतच जाणार. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग झाले, जमिनीची ओल सांगणारे सेन्सर शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. विहिरीवरची मोटार फोनवरून सुरू करणारी पेटी तर आता जुनी झाली. अशा छोट्या यंत्रांसाठी सरकारने २००५ मध्येच ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची जागा ठेवली, तिथेही यंत्राला १ वॉटचे माप. अमेरिकी बनावटीचे सेन्सर ९०२ ते ९२८ वर बोलतात आणि आपल्याकडे ९१५ पर्यंतची जागा मोबाइल फोनच्या टॉवरशी बोलण्याची आहे. स्वस्त मिळाला म्हणून तसला सेन्सर उसात रोवू नका. दुकानदाराला विचारा, "हा भारतातल्या फ्रिक्वेन्सीचा आहे का?" तो गोंधळला तर दुसरे दुकान पाहा.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस मोठ्या तबकड्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ती रेडिओ दुर्बीण. आकाशातून येणारी अतिशय क्षीण कुजबुज ती ऐकते. ती जागा निवडताना आसपास माणसांच्या यंत्रांचा गोंगाट कमी आहे हे पाहिले होते. मी एकदा नातवंडांना घेऊन तिथे गेलो होतो. आपली आशाताई भरावावरून जे बोलत होती ते ऐकण्यासाठी टॉवरला लागणारी शांतता त्याच जातीची, हे तेव्हा काही डोक्यात आले नव्हते.

आता थोडे डॉक्टरकीचे. रेंजची एकच दांडी असेल तेव्हा लांबलचक गप्पा मारू नका. निरोप लिहून पाठवा, नाहीतर कानात वायरचा इअरफोन घाला. फोन कानापासून वीतभर दूर गेला तरी डोक्यात शिरणारी शक्ती झपाट्याने उतरते. धावत्या एसटीत, पत्र्याच्या डब्यात बसून बोलताना फोन जास्त जोर लावतो, बॅटरी लवकर उतरते ती त्यामुळेही. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवू नये. निदान वीतभर अंतर हवे आणि फोन दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. श्रवणयंत्रात फोनमुळे गुणगुण होते, ती तक्रार घेऊन येणाऱ्या आजींना मी आता यंत्र बिघडले असे सांगत नाही. आणि दवाखान्यात, मंगल कार्यालयात, लॉजवर कोणी बूस्टर लावला असेल तर पिन काढा. आत रेंज नसेल तर वायफायवरून फोन लावण्याची सोय आता बहुतेक फोनमध्ये आहे. मी तेच करतो. बाजारात हे डबे उघडपणे मिळतात याला दूरसंचार खात्याने आवर घालायला हवा. विकत घेणाऱ्याला पकडण्याआधी विकणाऱ्याला पकडावे, असे मला वाटते. माझ्यासारखे अडाणी ग्राहक हजारोंनी असतील.

तर तात्यांना मी हे सगळे, एवढ्या पाल्हाळाने नव्हे, सांगितले. कपाटातून डबा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांच्याच अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दुसरा अर्ज लिहिला: टॉवर उभा राहावा, तो सुरू झाल्यावर शाळेच्या अंगणात, मुले असतील त्या वेळी, लहरींची मोजणी व्हावी, ती किती आली ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकड्यात लिहावे, कालव्यापलीकडच्या वस्तीवर रेंज पोचते की नाही हेही त्याच वेळी पाहावे. त्याखाली पहिली सही माझी केली.

तात्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे डॉक्टर, एका बाजूला नको आणि दुसऱ्या बाजूला पाहिजे?" ते म्हणाले. मंडळी हसली. मग त्यांनी चश्मा लावून माझी बाजू पुन्हा एकदा वाचली आणि आशाताईंना बोलावणे पाठवले. दुसरी सही त्यांची घ्यायची ठरली.